दामूदादाची तिसरी हाक

भुताखेतांवर मी वाद घालत नाही, सरळ हसतो. अख्खी नोकरी वायरलेस सेट दुरुस्त करण्यात गेली... आवाज आला म्हणजे कुठेतरी करंट आहे, एवढंच मला कळतं. तरीही हे लिहितोय, कारण हे पाहिलेला आता मी एकटाच उरलोय.

आमचं गाव करावे. आज तुम्ही सीवूड्सला उतरून रिक्षाने जाता, तिथे साठच्या दशकात खाडी, मिठागरं आणि आम्हा कोळ्यांची घरं, बस्स. मुंबईच्या एका शेठच्या हौसेखातर घेतलेल्या दोन लाँच होत्या. 'मोहिनी' माझे बाबा चालवायचे, दुसरी माझा मोठा भाऊ दामूदादा. रविवारी शेठ पाहुण्यांना घेऊन घारापुरीकडे फिरायला निघायचा. दोन्ही लाँचवर त्याने व्हीएचएफ वायरलेस सेट घेतले — तेव्हा ही केवढी चैन! — आणि ते बसवायचं काम माझ्याकडे आलं.

बाबांना मीच शिकवलं. चॅनल ठरलेला, तो फिरवायचा नाही. समोरच्या बोटीचं नाव तीनदा घ्यायचं. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दाबूनच ठेवलं तर समोरचा कितीही ओरडो, आपल्याला ऐकू येत नाही. बाबा खूश झाले. आमच्यात खाडीवर कुणी हाक मारली तर पहिल्या-दुसऱ्या हाकेला ओ द्यायची नाही. तिसरी हाक फक्त जिवंत माणूसच मारतो, असं मानतात.

"तुज्या यंत्राला पन आपली रीत म्हाईत हाय रं," बाबा म्हणाले.

एका शुक्रवारी दादाचा सेट बिघडला. मी तो काढून घरी आणला आणि टेबलावर उघडून ठेवला. रविवारपर्यंत काही जमलं नाही. दादा शेठला म्हणाला, सेट नाही, आज नको. शेठ हसला. "पिकनिकला चाललोय, लढाईला नाही!" आणि पाहुण्यांसह दादाच्या लाँचवर चढून ती पुढे काढायला लावली. मी बाबांसोबत 'मोहिनी'वर होतो, मागे, बेटाच्या अलीकडे.

भर दुपारी आमचा सेट खरखरला. "मोहिनी... मोहिनी..."

दादाचाच आवाज. बाबांनी माईक उचलला, पण बटण दाबलं नाही.

"ओ द्या ना!" मी म्हणालो.

"त्याचा सेट घरी हाय ना? मंग ह्यो कोन?" बाबा म्हणाले. "तिसरी येऊं दे."

तिसरी आली नाही.

दादाची लाँच बेटापलीकडे खडकावर फुटली होती. लाइफ बेल्ट फक्त शेठ आणि पाहुण्यांपुरते होते, त्यामुळे ते वाचले. त्यांनीच नंतर सांगितलं — हसतच सांगितलं — की पाणी गळ्याशी आलं तेव्हा दादाने माईक धरावा तशी मूठ तोंडापुढे धरली आणि "मोहिनी, मोहिनी" म्हणाला. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि पाणी आत गेलं.

आईने बाबांना सोडलं नाही. चूल पेटवतानाही तेच, जेवायला वाढतानाही तेच. "हाका मोजीत बसलाव आनि पोर गेला." ती रीत आम्हा दोघा भावांना तिनेच शिकवली होती, पण हे तिला सांगणार कोण?

दहाव्याचं आटोपून आम्ही तिघं घरात बसलो होतो. बाहेर उजेड होता. टेबलावर दादाचा सेट, आतल्या वायरी बाहेर, बॅटरी जोडलेलीच नाही. त्यातून दादा बोलला.

"मोहिनी."

एकदाच.

"तिसरी!" आई किंचाळली. "जित्ता हाय माजा पोर! ओ द्या!"

बाबांनी माईक धरला, बटण दाबलं. "बोल दामू. बोल पोरा, मी हाय." आणि अंगठा उचललाच नाही.

"अंगठा सोडा! त्याला बोलूं द्या!" आई त्यांची बोटं उपटत होती. शेवटी तिने मनगटाला चावा घेतला. रक्त आलं, पण बाबांनी बटण सोडलं नाही. डोळे घट्ट मिटून ते "बोल, बोल" म्हणत राहिले. अंगठा काळानिळा पडला तेव्हा कुठे हात सुटला. मग सेट गप्पच होता. आई त्यानंतर मरेपर्यंत बाबांशी एक शब्दही बोलली नाही.

बॅटरीशिवाय सेट बोलत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. मग त्या दिवशी बाबा बटण दाबून कुणाचं बोलणं अडवत होते, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.