टेबल मधोमध, आणि मशीन म्हणतं टोकाला टेकलं

मंगळवारी सकाळी एक बोर्ड रुमालात गुंडाळून मी उल्हासनगरला गेलो. शेअर रिक्षात दोन्ही हातांनी जपून धरला होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काका, पक्षी आहे का आत?"

थोडं मागचं सांगतो. मी मोरिवलीच्या एका कारखान्यात फिटर होतो, आता रिटायर. शिक्षण आठवीपर्यंत. अंबरनाथ पूर्वेला आमच्या गॅलरीत एक छोटं सीएनसी मशीन आहे, मी स्वतः जोडलेलं. त्यावर मी लाकडाच्या दारावरच्या पाट्या कोरतो. कॉम्प्युटरमधून अक्षरं जातात आणि मशीनचा कंट्रोलर बोर्ड मोटरला सांगतो, इकडे जा, तिकडे जा.

तर हे मशीन महिनाभर भलतंच वागत होतं. लाकूड ठेवायचं टेबल मागे-पुढे सरकतं, त्याच्या वाटेच्या टोकाला एक स्विच असतो, टेबल त्याला टेकलं की मशीन थांबतं. इथे टेबल मधोमध उभं आणि मशीन म्हणतंय, टोकाला टेकलं, आता पुढे जाणार नाही... आणि हे फक्त सकाळी. दुपारी बारानंतर तेच मशीन शहाण्यासारखं चालायचं.

माझा मुलगा महेश बदलापूरला राहतो. तो म्हणाला, "बाबा, हात थरथरतात तुमचे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आता विकून टाका ना." त्याने गिऱ्हाईकसुद्धा बघितलं. या रविवारी तो माणूस मशीन न्यायला येणार होता. मी हो म्हटलं नाही... पण नाहीही म्हटलं नाही. कारण मनातून मलाच वाटत होतं की माझा हात गेला.

मी स्विच बदलला. वायर बदलली. मग बोर्डावरचे पार्ट बदलायला घेतले. हे पार्ट तिळाएवढे असतात, त्यांना पाय नसतात, बोर्डावर वरच्यावर सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, चिकटवलेले असतात. चिमट्यातून सुटला की गेला. म्हणून मी डाळ निवडायची परात मांडीवर घेऊन बसायचो. तरी तीन उडाले. एक तूरडाळीत सापडला. ही म्हणाली, "खडा समजून फेकणार होते. एक दिवस तुमचं मशीन शिजवून वाढीन, मग कळेल."

स्विचची वायर बोर्डात येते त्या वाटेवरचे दोन पार्ट नवे बसवले. दुपारी चाललं. मी पेढे आणायला निघालो होतो... बरं झालं नाही गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

त्या रात्री झोप नाही. वाटलं सोल्डर कुठेतरी चुकलं. नाहीतर आणखी काहीतरी जळलं. नाहीतर महेशचंच खरं.

उल्हासनगरला मोबाईल रिपेअरिंगचं एक दुकान आहे. ज्योती म्हणून एक सिंधी बाई चालवतात, पन्नाशीच्या असतील. त्यांनी बोर्ड मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि समोरच्या स्क्रीनवर माझं सोल्डर भाकरीएवढं दिसायला लागलं.

"अंकल, ये सोल्डर किसने किया?"

मी म्हटलं, "मीच... काही चुकलं का?"

"चुकलं नाही, एकदम बढिया आहे. पण जुना पार्ट कशाला काढला? तो काय तुमच्याशी भांडला होता?"

मला हसू येईना. मग त्यांनी बोर्ड जरा सरकवला, बारीक सुई घेतली आणि स्विचची वायर जिथे येते तिथल्या फटीतून काहीतरी उकरलं. लालसर. म्हणाल्या, "ये लाल क्या है? गंज तर नाही."

मी स्क्रीनजवळ वाकून बघितलं... ते कुंकू होतं.

कारखान्यात दसऱ्याला आम्ही लेथ पुसून घ्यायचो, हार घालायचो, ओल्या बोटाने हळद-कुंकू लावायचो. चाळीस वर्षांची सवय. घरच्या मशीनला कुठे लावायचं म्हणून मी विचार केला की याचं खरं डोकं म्हणजे बोर्ड. झाकण उघडून बरोबर बोर्डावरच टिळा लावला. दोन दिवसांनी फडक्याने पुसलासुद्धा. लोखंडाला काही होत नाही हो. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ज्योतीताईंनी समजावलं की सकाळी दव असतं, कुंकू ओल धरतं, त्यातून करंट झिरपतो, आणि बोर्डाला वाटतं स्विच दाबला. दुपारी ते सुकतं. त्यांनी ब्रशने स्पिरिट लावून बोर्ड धुतला. मला वाटलं आता हसणार. तर त्यांनी मायक्रोस्कोपच्या स्टँडकडे बोट दाखवलं. तिथे शेंदराचा ठिपका होता. "हम भी लगाते हैं अंकल. लेकिन बाहर."

पैसे घ्यायला तयार नव्हत्या. बळेच दिले.

खरं सांगू, मला अजून नीट उमगलेलं नाही. तिळाएवढ्या जागेतल्या चिमूटभर कुंकवाने एवढं मशीन अडतं? जाणकारांनी जरूर सांगा. पार्ट मी उगाच बदलले की त्यांचाही थोडा दोष होता, तेही कळत नाही.

काल महेशला फोन केला, त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग. तो म्हणाला, "आणि परत बंद पडलं तर?" मी म्हटलं, पडेल तेव्हा उघडून बघेन.

ज्योतीताई, तुम्ही बोर्ड धुतलात त्याचे आभार आहेतच. पण "एकदम बढिया" म्हणालात ना, त्याचे जास्त.

आज चौथी सकाळ आहे. मशीन चालू आहे, एका पाटीवरचं तिसरं अक्षर कोरतंय. मी शेजारी स्टुलावर बसून हे लिहितोय... आणि कान तिकडेच आहे.