बगळ्याची सही

सलूनवाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा भिंतींचे लाड जास्त. आपला भांग सरळ निघालाय की नाही हे पाहायला माणसाला खुर्चीत मान वाकडी करावी लागे, कारण अर्ध्या आरशावर चौकटी टांगलेल्या. चौकटींत जुन्या बॉक्सरांची चित्रं छापलेली कार्डं. शेजारी सामन्यांची अर्धी फाडलेली तिकिटं, शिवण उसवलेले हातमोजे, रिंगमधली एक पितळी घंटा, आणि काचेच्या बरणीत कुणाच्या तरी दातांचे ठसे उमटलेलं रबरी कवच.

"लोकांचे उष्टे दात जपता," बायको म्हणायची. "माझी दाढ किती दिवस ठणकतेय, तिकडेही बघा की."

"काढून आण," तो म्हणायचा. "जागा असली तर ठेवू."

विनोद म्हणून नाही हो. त्याला विनोद करता येत नसे. त्याच बाईने एकदा चांगल्या मनाने ओल्या फडक्याने एक कार्ड पुसलं आणि त्याचा कोपरा फुगला, तेव्हा हा महिनाभर तिच्याशी बोलला नव्हता. फुगलेल्या कोपऱ्यावर मात्र रोज फुंकर घालत होता.

त्याचा जीव अडकला होता एका संचात. सिगारेटच्या पाकिटांतून फार पूर्वी निघालेली ती कार्डं. त्या काळचे बॉक्सर टोपणनावानेच ओळखले जात आणि सहीही तशीच करत. संग्राहकांचा नियम असा की सही डोळ्यांदेखत घ्यायची, आणि अर्थातच माणूस जिवंत असताना. सलूनवाल्याने नियम तंतोतंत पाळला होता. एकाची सही त्याने सलाईन लावलेल्या हाताकडून घेतली, आणि अक्षर वाकडं आलं म्हणून मेलेल्या माणसाला तो अजून नावं ठेवत होता. आता संचात एकच कार्ड कोरं उरलं होतं. बगळ्याचं.

बगळा म्हणजे लांब तंगड्यांचा, किडकिडीत बॉक्सर. अजिंक्यपदाच्या सामन्यात 'घण' नावाच्या बॉक्सरकडून हरलेला. तो सामना सलूनवाल्याने लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाहिला होता आणि तेव्हापासून घण त्याचा देव झाला होता. घण जाऊन जमाना लोटला. बगळा मात्र गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात खिडकीपाशी बसून होता. आयुष्यभर डोक्यावर खाल्लेल्या ठोशांनी त्याची आठवण पार पोखरून टाकली होती.

सलूनवाला दर सोमवारी, दुकानाच्या सुट्टीला, त्याची फुकट दाढी करायला जाऊ लागला. आश्रमाच्या बाईला वाटलं, काय देवमाणूस आहे. मुखी राम, बगलेत सुरी असं आपण म्हणतो. इथे हातात वस्तराही होता.

पण सही काही मिळेना. पेन हातात दिलं की म्हातारा विचारायचा, "कुणाची करू?"

"तुमची! तुम्ही बगळा."

ते नाव ऐकलं की म्हातारा तोंड फिरवायचा. प्रेक्षक त्याला याच नावाने चिडवत असत. बाकी सगळं विसरला, हे नाव तेवढं राहिलं होतं. मग सलूनवाल्याने शक्कल लढवली. लोणी लावायचंच तर हात आखडता कशाला? तो त्याला 'चँपियन' म्हणू लागला. आणि आठवण जागी व्हावी म्हणून दाढी करता करता तो सामना सांगू लागला.

आता सांगणारा घणाचा भक्त. त्याला सामना एकाच बाजूने सांगता येत होता. घण कसा दबा धरून होता, डावा हात कसा आला, समोरचा कसा लाकडासारखा कोसळला! खरं तर पंचाने दहा मोजायच्या आत, नऊला, समोरचा उठला होता. रक्ताने डोळा बंद झालेला असताना शेवटच्या घंटेपर्यंत पायांवर उभा राहिला होता आणि गुणांवर हरला होता. पण तेवढं सांगायचा सलूनवाल्याला कंटाळा. तो ठोशापाशी थांबायचा आणि म्हणायचा, "आठवतंय ना, चँपियन?"

म्हाताऱ्याला आठवायला लागलं. अंगावरच्या कापडाखाली त्याचा डावा हात हलू लागला. तो पोटभर जेवू लागला, ताठ बसू लागला. बाई म्हणाली, "तुम्ही यांना माणसांत आणलंत."

मग एका सोमवारी, एक गाल गुळगुळीत झालेला आणि दुसऱ्यावर फेस तसाच असताना, म्हाताऱ्याने आपणहून हात पुढे केला. "आण बाळ, पेन आण."

सलूनवाल्याने वस्तरा बाजूला ठेवला. त्याने हात पुसले, कार्ड पेटीच्या झाकणावर ठेवलं. म्हातारा वाकला. जिभेचं टोक बाहेर काढून, एकही अक्षर न थरथरवता त्याने सही केली आणि खाली झोकात रेघ ओढली.

घण.

पक्क्या शाईत, बगळ्याच्या छातीवर आडवं.

"हे काय केलंत?"

"सही. चँपियनची." म्हातारा हसत होता. जन्मात पहिल्यांदा जिंकलेला माणूस हसेल तसा, फेसासकट.

इथे एखाद्याला गहिवरून आलं असतं. चूक आपणच चमच्याने भरवली, असं निदान मनात तरी आलं असतं. सलूनवाल्याच्या मनात एवढंच आलं की कार्ड गेलं, संच गेला, आणि इतके सोमवार या थेरड्याच्या गालावर घालवले. गरज सरली होती. वैद्य अजून जिवंत होता, हीच अडचण.

"तू घण नाहीस," तो म्हणाला. अहोजाहो तिथेच संपलं. "तू बगळा. घणाने तुला आडवा केला. मी पाहिलंय. सगळे हसत होते."

म्हाताऱ्याचं हसू लगेच गेलं नाही. हळूहळू उतरलं. ही बातमी त्याला आजची होती. त्याने डावा हात कापडाबाहेर काढून पाहिला, परत आत घेतला.

"मी पडलो?"

"पडलास."

"मग उठलो का?"

सलूनवाला वस्तरा पुसत होता. त्याला ठाऊक होतं. जगात हे ठाऊक असलेला बहुधा तो शेवटचा माणूस होता.

"नाही," तो म्हणाला.

त्याने पेटी मिटली. दुसरा गाल तसाच सोडला. दारापाशी मागून खुर्ची करकरली म्हणून त्याने वळून पाहिलं. म्हाताऱ्याने खुर्चीचे दोन्ही हात धरले होते आणि तो उठायला बघत होता. गुडघे साथ देत नव्हते. फेस ओघळून गळ्यापर्यंत आला होता.

सलूनवाला दारात थांबला आणि मोठ्याने मोजायला लागला. एक. दोन. तीन. रिंगमधला पंच मोजतो तसं, सावकाश, बोटं दाखवत. म्हातारा त्या बोटांकडे बघत जिवाच्या आकांताने रेटा देत होता. नऊला तो खुर्चीपासून वीतभर वर आला होता, पाय लटपटत होते, पण वर आला होता.

"दहा," सलूनवाला म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं.