पाच हातांचा कार्बन

माझी सून बारावीला केमिस्ट्रीत उडाली होती आणि तशीच आमच्या घरात आली. बाकी सगळे विषय सुटले, एवढा एकच राहिला. तिचे वडील एपीएमसीत कांद्याच्या गाळ्यावर, राहायला खांदेश्वरला. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, पोरीला परीक्षा देऊ द्याल ना म्हणून. देऊ की, त्यात काय, असं मी मोठ्या तोंडाने म्हणाले. मग सणवार, पाहुणे आणि मासळी यात दोन वर्षं कशी गेली कळलं नाही. दिलेला शब्द तसाच पडून राहिला, आणि खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटत होती.

शेवटी गेल्या वर्षी तिनेच विषय काढला. तिला डी. फार्म करायचं होतं. औषधांच्या दुकानात भिंतीवर आपल्या नावाचं सर्टिफिकेट लागावं, एवढंच तिचं मागणं. त्यासाठी बारावी सायन्स पास पाहिजे. माझ्या नवऱ्याने फर्मान काढलं: जुलैच्या फेरपरीक्षेला बस, सुटलीस तर शिक, नाही सुटलीस तर हा विषय घरात पुन्हा नको. मुलगा मान खाली घालून भात कालवत बसला. मला दोघांचाही असा राग आला म्हणून सांगू! पण घरात दुसरी संधी मिळणार नाही हे तिलाही कळलं होतं आणि मलाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. उरणजवळच्या आमच्या मोरा बंदरात तेव्हा होड्या वर ओढून ठेवतात आणि घराघरांत जाळी पसरलेली असतात. मी पडवीत जाळं सांधत बसायचे आणि ती शेजारी वह्या घेऊन. एकदा सहज डोकावले तर पानभर नुसती सी आणि एच ही इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यामध्ये रेघा. हे काय गो, असं विचारलं. तिने सांगितलं, की सी म्हणजे कार्बन. त्याला चार हात. चारही हातांनी कुणाला तरी धरलेलं पाहिजे, एक कमी नाही की एक जास्त नाही. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन. कार्बन दुसऱ्या कार्बनचाही हात धरतो, तो तिसऱ्याचा, अशी लांबच लांब माळ होते. पेट्रोल त्याचंच, साखर त्याचीच आणि माझ्या हातातला नायलॉनचा धागासुद्धा त्याचाच. मी त्या धाग्याकडे बघतच राहिले.

आता जाळ्याच्या गाठीतूनही चारच धागे निघतात. फाटलेलं जाळं सांधताना आम्ही ते नजरेनेच मोजतो. ज्या गाठीला तीनच दिसले, तिथे काम बाकी आहे. त्यामुळे तिच्या वहीतल्या एका फांद्या फुटलेल्या आकृतीवर माझा डोळा आपोआप थांबला. म्हटलं, या गाठीला पाच झालेत बघ. तिने मोजले. खरंच पाच होते. तिचं दुखणं तेच होतं: घाईघाईने हायड्रोजन चिकटवत सुटायची आणि मोजायची नाही.

त्या दिवसापासून मी तिच्या वह्या तपासू लागले. नववी शिकलेली बाई बारावीची केमिस्ट्री तपासते, हे मी मासळी बाजारात बसणाऱ्या एकीलाही सांगायचं सोडलं नाही. मला जरा चढलीच होती म्हणा ना.

मग आल्या दुहेरी रेघा. दोन कार्बनच्या मध्ये एकीच्या जागी दोन. आम्ही जाळ्याच्या काठाला धागा दुहेरी घेतो, ओढ बसते तिथे जोर यावा म्हणून. पण मोजताना तो एकच धरायचा, हे मला वडिलांनी हातावर जाळ्याची लाकडी सुई मारून शिकवलेलं. मी बेधडक सांगून टाकलं, की ही दुहेरी रेघ म्हणजे एकच हात, जरा मजबूत. कार्बनचा एक हात मोकळा राहिलाय, तिथे हायड्रोजन लाव. तिने माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि लावला. पुढचे दहा दिवस जिथे जिथे दुहेरी रेघ दिसली तिथे मी तिला हायड्रोजन लावायला लावला. एथीनला दोन जास्तीचे गेले. ॲसिटोनच्या मधल्या कार्बनलाही, ज्याने ऑक्सिजनला दोन हातांनी धरलेलं असतं, मी एक चिकटवायला सांगितला.

उरणच्या क्लासात सराव परीक्षा झाली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्यासमोर यायचं टाळत होती. तिसऱ्या दिवशी मी पेपर मागितला. सत्तरपैकी सतरा. जिकडे बघावं तिकडे लाल गोल, आणि खाली सरांनी लिहिलेलं: "पाच हातांचा कार्बन कुठल्या समुद्रात सापडला?" मी एकेक गोल बघत गेले. प्रत्येक गोलात दुहेरी रेघ होती. आणि हे सगळं मी तपासलेलं होतं.

मी विचारलं, तुला हे चुकीचं आहे ते माहीत नव्हतं का? ती पेपराची घडी घालू लागली. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानेच. तेव्हा म्हणाली, "माहीत होतं. पुस्तकात दुहेरी रेघ म्हणजे दोन हात असंच लिहिलंय. पण तुम्ही बोललात ना, म्हणून तसं काढलं."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. डोकं आहे का, परीक्षा तुझी की माझी, असलंच काहीतरी. आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. मी अशी अंगावर येते म्हणून तर पोरगी गप्प बसली. या घरात माझ्या शब्दाला चूक म्हणायची कुणाची टाप नव्हती, आणि त्या तोऱ्यापायी मी हिचं वर्ष बुडवायला निघाले होते. मी सुई खाली ठेवली. "माझी चूक दिसली की तोंडावर चूक म्हनायचं," मी तिला म्हणाले. "नाय म्हनलीस तर वही बघनार नाय."

वाटलं तेवढं ते सोपं नव्हतं. मी रोज मुद्दाम एखादी भलतीच खोट काढायचे आणि ती चाचरत म्हणायची, आई, एकदा परत बघता का. असं नाही चालणार, मी म्हणायचे, नीट म्हण. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मी एका धड आकृतीवर बोट ठेवून हायड्रोजन कमी आहे असं ठासून सांगितलं, तर ती वहीतून मानही वर न करता म्हणाली, "चूक. तुम्ही दुहेरी रेघ एकच मोजलीत." शेजारी माझ्या नवऱ्याला चहाचा ठसका लागला. गंमत म्हणजे त्या वेळी मी मुद्दाम केलंच नव्हतं. हाताची सवय, दुसरं काय! पण त्यानंतर तिची गाडी जी सुटली ती थांबली नाही. मला दरडावून दोन हात मोजायला लावायची, आणि मीही मुकाट मोजायचे.

निकाल दुपारी मोबाइलवर आला. केमिस्ट्री सुटली, आणि काठावर नाही, शंभरपैकी चांगले सत्तावन्न आले. नवरा शर्ट घालून कॉलेजच्या फॉर्मची चौकशी करायला निघाला, तेही कुणी सांगायच्या आत. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. सासूने शिकवली म्हणून सुटली, असं त्यांचं सुरू झालं आणि मी फुगायला लागले. फुगता फुगता सगळ्यांच्या देखत सुनेला विचारलं, की मी बसले असते या पेपराला तर मला किती पडले असते? लग्नानंतर पहिल्या वर्षी विचारलं असतं तर शंभर म्हणाली असती. तिने जरा विचार केला, अगदी मन लावून, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तुम्ही नापास, आई."

बायका आता सासू काय करते म्हणून माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मला कोण आनंद झाला होता. मी तिला जवळ ओढलं आणि सगळ्यांसमोर रडले.