तात्यांचा उजवा हात आणि विजेचा ब्रेक

ट्रामच्या कंडक्टरला किस्से शोधत फिरावं लागत नाही. आम्ही तिकिटं वाटायचो आणि दर फेरीला एखादा किस्सा आम्हालाच फुकट मिळायचा! दादरच्या डेपोत चहाला बसलो की ते बाहेर निघत आणि तोंडातोंडी मीठमसाला लागून आणखी चविष्ट होत. हे किस्से मात्र मी जसेच्या तसे सांगतोय. कारण ते भिकाजीतात्यांचे आहेत, आणि घोडपदेवला माझी आणि त्यांची चाळ समोरासमोर. त्यांच्या कानावर काही भलतंच गेलं तर माझी धडगत नाही!

तात्या आमच्या गाडीचे ड्रायव्हर. मूळचे मालवणकडचे. राग आला की शुद्ध मालवणी, आणि आनंद झाला तरी मालवणीच.

*

जुन्या ट्रामचा ब्रेक म्हणजे ड्रायव्हरसमोरचा पितळी दांडा. डावा हात विजेच्या हँडलवर ठेवायचा आणि उजव्या हाताने हा दांडा गरगर फिरवायचा, की चाकं आवळली जायची. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे तात्यांचा उजवा दंड डाव्याच्या दुप्पट झाला होता.

एकदा लालबागला ते सदरा शिवायला गेले. शिंप्याने डाव्या हाताचं माप घेतलं, उजव्याचं घेतलं आणि टेप गळ्यात टाकून शांतपणे विचारलं, "तात्या, हे दुसरे गृहस्थ कुठे आहेत?"

पण पुढे तोच हात रुसला. खांदा इतका धरला की डेपोच्या डॉक्टरांनी तपासताना "हात वर करा" म्हटल्यावर तो छातीपाशीच थांबला. डॉक्टर म्हणाले, "हात वर जात नाही तोवर मी तुम्हाला पास करणार नाही. आणखी थोडे दिवस बघतो. नाहीतर शेडमध्ये गाड्या धुवायचं काम घ्या." तात्या त्या दिवशी चहालासुद्धा आले नाहीत. आम्हाला फार वाईट वाटलं.

*

नशीब बघा, त्याच सुमारास डेपोत विजेच्या ब्रेकची एक गाडी चाचणीसाठी आली! हा ब्रेक डाव्या हाताच्या हँडलनेच लागायचा. आम्ही डेपोवाल्यांच्या हातापाया पडून, डॉक्टरांचा निकाल लागेपर्यंत ती गाडी तात्यांना मिळवून दिली. ब्रेक निर्धोक ठरला तर तशा आणखी गाड्या येणार होत्या. नाही ठरला तर तात्यांच्या हातात बादली आणि फडकं.

भोईवाड्याचा फिटर कांबळे आमचा जिगरी दोस्त. तो तात्यांना समजावू लागला, "जाताना मोटर चाक फिरवते. थांबताना उलटं, चाक मोटरला फिरवतं. त्यात चाकाचा जोर जिरतो, गाडी हळू होते आणि तयार झालेली वीज परत वरच्या तारेत जाते. पार थांबल्यावर दांडा नुसता अडकवायचा."

"परत जाता?" तात्यांनी डोळे बारीक केले. "रे कांबळे, मुंबयत कोण घेतलेला परत देता काय?"

*

पहिल्याच दिवशी भलतीच अडचण आली. जुना ब्रेक करकर वाजायचा. लालबाग-परळचे आमचे नेहमीचे पॅसेंजर ती करकर ऐकूनच सीटवरून उठायचे. नवीन ब्रेक मुका. गाडी थांबली तरी कुणी हलेना! निघाली, की सगळे एकदम ओरडायला लागले.

एक मावशी तर माझ्यावरच उखडल्या. "ब्रेक वाजला नाही, तर माणसानं उतरायचं कसं?"

तात्या मागे वळून म्हणाले, "वसंता, तूच वाज रे बाबा!"

मग काय, दर स्टॉपला मी घशातून "करर्र, करर्र" असा आवाज काढायला लागलो. मावशी दुसऱ्या दिवशी उतरताना म्हणाल्या, "आवाज बरा काढतोस. पण जुन्याची सर नाही!"

*

खरी पंचाईत तात्यांच्या सवयीची होती. डाव्या हाताने विजेचा ब्रेक लागला, की उजवा हात आपोआप दांड्यावर जायचा. दुखत असला तरी जायचा! दोन्ही ब्रेक एकदम लागले की चाकं जाम व्हायची आणि गाडी रुळांवरून घसरत स्टॉपच्या पुढे जायची.

कांबळेने कपाळाला हात लावला. "तात्या, चाक फिरतंय तोवरच मोटर त्याला रोखते. तुम्ही चाकच धरून ठेवलंत तर मोटर काय करणार?"

"म्हणजे ह्याका माझी मदत नको?" तात्यांना ते लागलंच.

शेवटी कांबळेने फर्मान काढलं, की गाडी पार थांबेपर्यंत उजवा हात पँटच्या खिशात! आता गाडी बरोबर स्टॉपवर थांबू लागली. तो ऐटबाज पवित्रा पाहून परळ नाक्यावर इन्स्पेक्टरनी विचारलं, "काय तात्या, गाडी चालवताय की चौपाटीवर हवा खायला निघालात?"

"साहेब," तात्या म्हणाले, "हात आत आसा म्हणान गाडी थांबता!"

*

एका सकाळी ब्रेक तपासायला इंजिनियरसाहेब आले. गाडी रिकामी होती. साहेबांची शंका रास्त होती. उतारावर ट्रामच्या छतावरचा, तारेतून वीज घेणारा दांडा निसटला, तर परत जाणारी वीज जाणार कुठे? मग ब्रेक लागेल का?

कांबळे म्हणाला, "साहेब, तेव्हा ती गाडीखालच्या लोखंडी जाळ्यांत वळते. जाळ्या तापतात, पण ब्रेक सुटत नाही."

"बघू," साहेब म्हणाले.

भायखळ्याच्या पुलाच्या उतारावर मला दोरी ओढून तो छतावरचा दांडा तारेवरून काढायचा होता. म्हणजे तात्यांची नोकरी माझ्या हातात!

"ओढ!" साहेब ओरडले. मी देवाचं नाव घेऊन ओढली. दिवे गेले. तात्यांनी डावा हात फिरवला आणि गाडी हळू होत होत उतारावरच थांबली.

माझ्या जिवात जीव आला. मी वळून पाहिलं, तर साहेबांचे डोळे घट्ट मिटलेले!

कांबळे अदबीने म्हणाला, "साहेब, थांबली. आता बघा."

*

चाचणीच्या शेवटच्या दिवशी गाडी भरलेली होती आणि साहेब पुढे तात्यांच्या मागेच उभे होते. ब्रेकला ते पास करणार हे दिसत होतं. पण डॉक्टर अजून बाकी होते. खिशात हाताला चांगला आराम मिळत होता, तरी तात्यांनी कित्येक दिवसांत तो वर करून पाहिलाच नव्हता. भीतीच वाटायची त्यांना.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. करी रोडच्या बाजूने अचानक मोर्चा वळला आणि बघता बघता रूळ माणसांनी भरले. बायका, म्हातारे, खांद्यावर पोरं घेतलेले गिरणी कामगार. आमची गाडी वेगात होती. माझ्या तोंडून करर्रसुद्धा फुटेना!

तात्यांनी पायाने घंटा बडवली, डावा हात फिरवला. उजवा खिशात. गाडी वेग सोडत सोडत माणसांच्या अलीकडे अलगद थांबली. तात्यांनी दांडा अडकवला आणि घाम पुसला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मोर्चातला पुढचा गडी गाडीच्या नाकावर थाप मारून ओरडला, "वा ड्रायव्हरमामा! आता हात वर करून बोला, संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!"

आवाज तात्यांचा होता. मूठ आवळलेला उजवा हात खांद्याच्या वर गेला, कानाच्या वर गेला, टोपीच्याही वर गेला.

साहेब दचकले. "तात्या! ड्युटीवर? हे काय चाललंय?"

तात्यांनी हात खाली घेतलाच नाही. डोळ्यांत पाणी, आणि ओरडले, "साहेबानू, डॉक्टराक सांगा, हात वर जाता!"