मारेगावाकडची बाई

माझ्या नवऱ्यानं कितीतरी वर्षं एका बाईला गावोगाव शोधलं, आणि ती बाई मी होते. हसायचं असेल त्यानं हसून घ्यावं. मीही हसले आहे, पिको-फॉलच्या मशीनवर बसून, एकटीच. आणि मग रागानं दोरा इतका ओढला की सुई तुटली.

लग्न होऊन मी मारेगावाकडून पुसदला आले तेव्हा हा माणूस लग्नांत माइकवर बोलायचा. आवाज असा की वऱ्हाडी जेवणाची पंगत सोडून ऐकत बसत. मीही त्या आवाजावरच भाळले, खोटं कशाला बोलू? घरात मात्र त्या आवाजाला सुट्टी असायची. "चहा." "टॉवेल." "येतो." झालं. मूलबाळ झालं नाही आम्हाला. दोन माणसांच्या घरात एक जण बोलत नसला की दुसऱ्यानं भिंतीशी बोलावं, नाही तर मशीनशी.

सासरच्या मंडळींना माझी बोली हसण्यासारखी वाटायची. मी 'मले' म्हटलं की जाऊबाई पदर तोंडाला लावायच्या. मग मी शिकले 'मला', 'तुला' म्हणायला. पाहुणे आले की अगदीच कमी बोलायचे.

पुढं एका संस्थेनं शेतकऱ्यांसाठी छोटं रेडिओ केंद्र काढलं. आसपासच्या खेड्यांत, महागावच्या बाजूला ऐकू जाई. सकाळचा कार्यक्रम याला मिळाला. कापसाचा भाव, हवामान, फवारणीची माहिती, मधे गाणी, आणि शेवटी लोकांनी फोन करायचा. पण सुरुवातीला फोन करतो कोण? याचा चेहरा पडलेला. एके दिवशी आपणहून माझ्याजवळ येऊन बसला. इतका जवळ कितीतरी दिवसांनी बसला होता.

"तू फोन लाव," म्हणाला. "घरचं माणूस आहे असं वाटू नये फक्त. तुझ्या माहेरच्या भाषेत बोल. सगळे मला 'भाऊ' म्हणतात, तूही म्हण."

"नवऱ्याले भाऊ म्हणू? जीभ झडन माही!" माझी माहेरची बोली रागात आपोआप बाहेर येते.

शेवटी 'साहेब' म्हणायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानातून फोन लावला. "साहेब, मी मारेगावाकडची हाये, इकडं देली मले. गावाचं नाव नाही सांगत, घरचे चिडतीन."

"बोला ताई," तो म्हणाला, "अगदी मोकळेपणानं बोला."

काय सांगू! त्या 'बोला ताई'नं माझ्या अंगावर काटा आला. मी कापसाचा भाव विचारला, त्यानं समजावून सांगितला. मी अजून एक विचारलं, त्यानं तेही सांगितलं. घरी दुपारी आला, जेवला, झोपला. एक शब्द नाही. मग काय, मी रोज फोन करू लागले. पुढं लोकांचे भरपूर फोन यायला लागले, माझी गरज उरली नाही, तरी मी करत राहिले. त्याला ठाऊक होतं की मीच आहे. सुरुवातीला तर घरी येऊन माझ्याकडं बघून हसायचाही थोडासा.

त्या वर्षांत कापसावर काहीतरी साडेसातीच बसली होती. बोंडं वरून छान टपोरी, फोडलं की आत गुलाबी अळी. महागडं बियाणं पेरून हे असं. ज्याला त्याला विचारावंसं वाटे, असं का झालं? आणि सरळ उत्तर द्यायला कोणीच येत नसे. मी राखीला माहेरी गेले तेव्हा जीपमधून माणसं आली होती. त्यांनी भावाच्या वावरात काठ्या रोवून सापळे लावले. फनेलसारखं प्लास्टिक, खाली पिशवी, आत वास येणारी गोळी. त्या वासाला नर पतंग येतात आणि अडकतात, म्हणजे अळी किती येणार ते आधी कळतं. हे मला पुढं समजलं. तेव्हा एवढंच दिसलं की सापळे लावले, पिशव्या पतंगांनी भरल्या, आणि दिवाळीला बोंडांत अळी.

मी फोनवर तेच विचारलं. "साहेब, सापये लावाच्या आधी तं पतंग नोयते दिसत. सापये लावले अन् मंग अळी आली. असं काहून?"

विचारलं होतं हो, सांगितलं नव्हतं! आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगते, आवाज चढवून सांगते.

फोनवर तो हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही फार मोठी गोष्ट बोलून गेलात."

बस्स. त्या दिवसापासून भाव आणि हवामान मागं पडलं. रोज एकच कथा. सापळ्यातूनच अळी सोडतात. बियाणं विकणारे आणि औषध विकणारे एकच. ढग आले की विमान फिरतं आणि ढग पळवतं. लोकांना तेच हवं होतं. आपलं नशीब फुटलं म्हणण्यापेक्षा कोणीतरी फोडलं म्हणणं सोपं जातं, मला कळतं ते. पण लोक सापळे उपटून नाल्यात फेकू लागले. गोष्ट कानोकानी माझ्या माहेरपर्यंत गेली, भावानंही फेकले. मी घरी म्हटलं, "अहो, मी सहज विचारलं होतं. कृषीवाल्याला बोलवा, तो काय म्हणतो ते ऐकू द्या लोकांना."

"तो त्यांचाच माणूस," असं म्हणून ताटावरून उठून गेला.

तेव्हा मी चिडून फोन करणं बंद केलं. म्हटलं, बस बोंबलत.

थोड्याच दिवसांत संस्थेनं त्याला काढलं. शेवटच्या कार्यक्रमात मी पोळ्या लाटत ऐकत होते. तो म्हणाला, "मारेगावाकडच्या ताईंचा फोन येणं बंद झालं आहे. का झालं? कोणी केलं?"

"म्या केलं, बापा, म्या!" मी लाटणं आपटून रेडिओला सांगितलं. रेडिओ काय ऐकतो?

मला वाटलं, फेकली असेल थाप, लोकांना खिळवायला. पण ही थाप त्यानं इतक्यांदा, इतक्या जणांना सांगितली की त्याला स्वतःलाच ती खरी वाटायला लागली. लग्नाचं शूटिंग करणारा एक जण धरला, आणि निघाले दोघं फिल्म काढायला. विषय काय, तर खरं बोलणारी बाई गायब झाली, ती कुठं आहे? महागावकडची गावं पालथी घातली. बायाबापड्यांना तोंडासमोर माइक धरून विचारायचा, 'साहेब' म्हणणारी बाई पाहिली का? 'भाऊ' न म्हणता 'साहेब' म्हणायची, हा त्याचा मोठा पुरावा. शेवटी माझ्या माहेरी पोचला. वावराच्या बांधावर उभा राहून माझ्याच भावाला विचारतो, या गावची कोणती बाई पुसदकडं दिली आहे?

भाऊ म्हणाला, "जवाईबापू, असं काय करता? आमची बाई तुमच्याच घरी हाये."

शूटिंगवाल्यानंच मला हे सांगितलं. फिल्ममधून तेवढा तुकडा कापला होता.

मी ती फिल्म आठवडी बाजारात पाहिली, पांढऱ्या चादरीवर, बायकांच्या गर्दीत मागं बसून. माझा आवाज आला, टेपवरचा, खरखरीत. शेजारच्या म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. "कोनाची लेक होती बिचारी," म्हणाली. समोर त्याच्या गळ्यात हार पडत होते.

त्या दिवशी घरी आल्यावर मी त्याचा हात धरला. "इकडं बघा. ती मी आहे. तुम्हीच सांगितलं होतं फोन लाव म्हणून, आठवा जरा." आणि फोनवरचं सगळं जसंच्या तसं बोलून दाखवलं, 'साहेब'सकट.

तो बघत राहिला. आधी मायेनं बघितलं, देवाशपथ. मग नजर बदलली. "तुला असं बोलायला कोणी शिकवलं?" म्हणाला.

वरच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेला. आतून कडी. मी पायरीवर ताट ठेवायचे, ते कधी रिकामं व्हायचं, कधी तसंच वाळायचं.

नंतर नंतर फिल्म कोणी पाहीना. लोकांनी कापूस कमी करून सोयाबीन पेरलं, आणि याचा विषयच वावरातून गेला. मोबाइलवर याच्याहून मोठ्या थापा मारणारे निघाले. शूटिंगवाला लग्नांकडं परत गेला. हा खोलीत बसून मोबाइलसमोर बोलायचा, शेवटी आपला नंबर सांगायचा, 'ताई, ऐकत असाल तर फोन करा.' जिन्याखाली बसून मी ते ऐकायचे. घरात दोन माणसं, आणि दोघंही एकाच बाईसाठी झुरत होती. याहून मोठं एकटेपण कसं असतं ते मला माहीत नाही.

मग एका उन्हाळ्यात त्यानं ताट घेणं अजिबात बंद केलं. पाण्याचा तांब्याही तसाच. पत्रे तापलेले, आत ताप आल्यासारखा कण्हतोय, आणि दार उघडत नाही. मी दार बडवलं, शिव्या दिल्या, रडले. "तुझ्या हातचं नको," एवढंच आतून आलं. दार तोडायला माणसं आणली असती, तर माझ्यावरचा त्याचा संशय पक्काच झाला असता.

फॉल लावायला आलेल्या एका बाईचा मोबाइल मी मागून घेतला आणि मागच्या अंगणात जाऊन त्याचा नंबर लावला.

"हॅलो साहेब," मी म्हटलं. "मी मारेगावाकडची."

वरून हुंदका आला. फोनमधून आला आणि पत्र्यातूनही आला. "ताई? तुम्ही जिवंत आहात?"

"हाव. जिवंत हाये. तुमी जेवले का?"

"ताई, हळू बोला," तो कुजबुजला. "माझ्या घरातच त्यांचं माणूस आहे. माझी बायको. मी तिच्या हातचं खात नाही."

मी भिंतीला टेकले. पण ऊन मी म्हणत होतं आणि त्याचा आवाज पार बसला होता.

"खा साहेब," मी म्हटलं. "तुमची बायको त्यायची नाही. मले मालूम हाये."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी कधी तुमाले खोटं सांगतलं का?"

मग म्हणाला, "तुम्ही म्हणता तर खातो."

मी फोन परत केला, हात धुतले, बेसनाचं पिठलं गरम केलं. वरची कडी निघाली. तो भिंतीला धरत धरत खाली आला, पाटावर बसला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. घटाघटा पाणी प्याला. एक भाकर खाल्ली, मग दुसरी. मी वाढत होते, तो माझ्याकडं बघत नव्हता. हात धुताना, किती वर्षांनी कोण जाणे, माझ्याशी आपणहून बोलला.

"मारेगावाकडच्या ताईंचा फोन आला होता," म्हणाला. "जिवंत आहेत."

"बरं झालं," मी म्हटलं, आणि त्याचं ताट उचललं.