सत्तावीस डिग्रीचं चेन्नई

आमच्या लॅबमध्ये जळलेल्या आयसींसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप्ससाठी, एक बिस्किटांचा डबा होता. उपयोग शून्य, पण फेकायला कुणाचा हात धजत नसे. 'कधीतरी लागेल' म्हणत डबा भरत गेला. किस्स्यांचंही तसंच होतं. चेन्नई सोडून मला बरीच वर्षं झाली. डबा तिथंच राहिला, किस्से मात्र सोबत आले!

दोन हजार चार-पाचची गोष्ट. तांबरमजवळ कारखान्यांसाठी मोजमापाची यंत्रं बनवणारी आमची छोटी कंपनी. नटराजन सर मालक. डिझाइनला मी, साताऱ्याचा. टेस्टिंगला राव मामा, तंजावरकडचे मराठी. भाषा जुनी आणि बोलण्याची चाल अस्सल तमिळ. आणि नवी इंजिनियर गौरी. वडील एअर फोर्समधून रिटायर झालेले, त्यामुळे ही तांबरममध्येच वाढलेली. वाक्य मराठीत सुरू करायची आणि इंग्रजीत संपवायची.

गौरीचं सहा महिन्यांचं प्रोबेशन चालू होतं. पंख्याची थरथर मोजणारा बोर्ड तिला दिला होता. सरांनी सांगून टाकलं होतं, "गिऱ्हाइकासमोर चालला तर कायम. नाहीतर थँक यू." तिच्या आधीचे दोघं थँक यू घेऊनच गेले होते. पोरगी डबासुद्धा धड खायची नाही.

*

ऑप-अँप म्हणजे आठ पायांचा एक चिमुकला आयसी, बारीक सिग्नल मोठा करणारा. आणि सिम्युलेटर म्हणजे सर्किट आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर. त्यात एक 'आयडियल' ऑप-अँप असतो. तो तापत नाही, थकत नाही, कुणाकडे काही मागत नाही. असा जावई फक्त कॉम्प्युटरमध्येच मिळतो!

गौरीनं पहिल्याच आठवड्यात तोच घेतला. "मामा, या ना! परफेक्ट आलंय!"

राव मामांनी चष्मा वर करून पाहिलं. सप्लाय बारा व्होल्टचा आणि आउटपुट तीनशे व्होल्ट!

"अय्यो! बारा घालून तीनशे? घरी ने पोरी, इडलीचा वेट ग्राइंडर चालंल!"

*

मी हसलो, पण मला हसायचा अधिकार नव्हता. नवा होतो तेव्हा मी ऑप-अँपचे प्लस आणि मायनस पाय उलटे जोडले होते. आयडियलवाल्यानं तरीही बरोबर उत्तर दिलं. भला माणूस, चूक पदरात घेतली! मी खुशाल वीस बोर्ड बनवून घेतले. खऱ्या आयसीनं वीसच्या वीस वेळा नकार दिला.

सर रागावले नाहीत. एक बोर्ड उचलून त्यावर त्यांनी फिल्टर कॉफीचा टंबलर ठेवला आणि म्हणाले, "बरोबर बसतो."

मी नोकरी सोडेपर्यंत लॅबमधली कॉफी त्याच बोर्डांवर ठेवली जायची.

*

मग सरांना वाटलं, मामांनीही सिम्युलेटर शिकावं. मे महिना होता आणि एसी बंद पडलेला. गौरी घाम पुसत मामांना एकेक चौकट समजावत होती. मामांचं बोट एका आकड्यावर थांबलं.

"हे काय, पोरी?"

"टेंपरेचर, मामा. ते आपोआप सत्तावीस डिग्री असतं."

मामांनी रुमालानं मान पुसली. "सत्तावीस? हे मशीन ऊटीला बसलंय काय?"

*

अखेर गौरीचा बोर्ड तयार झाला. डेमोच्या सकाळी चालू केला तर दोन मिनिटं पडद्यावर रेघ छान नाचली, मग वर सरकत सरकत गेली आणि तिथंच चिकटली. सिम्युलेटरमध्ये तर हे कधीच झालं नव्हतं! मामांनी तपासायला इनपुटच्या पायाला स्कोपचा प्रोब, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या यंत्राची सुई, टेकवली. बोर्ड चालू. प्रोब काढला, थोड्या वेळात बंद. परत लावला, चालू!

तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली. गौरीचे डोळे भरले.

"रडायचं नाही, मा," मामा तमिळ लाडानं म्हणाले. "कारण मागाहून बघू. मी धरून उभा राहतो."

एन्नोरकडच्या एका कारखान्याचे पन्नाशीतले इंजिनियर आले होते. गौरी बोलत होती, रेघ नाचत होती आणि मामा कोपऱ्यात गुडघेदुखी विसरून प्रोब टेकवून उभे होते. पंधरा मिनिटं झाली. पाहुणे खूश, सर खूश. सगळं पार पडलं असतं.

गौरी बोलता बोलता थांबली. मामांच्या हाताकडे बघत राहिली.

"सर, हा बोर्ड चालत नाहीये," ती म्हणाली. "मामांनी हात काढला की बंद पडेल. आयडियल ऑप-अँपला इनपुटवर काहीच लागत नाही. खऱ्याला थोडासा करंट लागतो, आणि मी त्याला वाटच ठेवली नाही. आत्ता ती वाट मामांचा प्रोब देतोय. एक रेझिस्टर राहिलाय. चूक माझी आहे."

सरांचा चेहरा पडला. पाहुणे वाकून प्रोबकडे बघायला लागले.

"आमच्या एका पॅनेलला," ते म्हणाले, "गेली नऊ वर्षं एक मल्टीमीटर लावलेला आहे. त्यावर चिठ्ठी आहे, 'कुणीही काढू नये'. का, ते आज कळलं! सोमवारी या मुलीला आमच्याकडे पाठवा."

"पण ती अजून प्रोबेशनवर आहे," सर म्हणाले.

"मग सोमवारच्या आत संपवा ते!"

सरांनी गौरीकडे पाहिलं आणि हात पुढे केला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गौरी हसतही होती, रडतही होती. एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"सर, अत्ता तरी हात काढू की नको?"