हरेशच्या पिशवीतल्या फ्लॉप्या

ज्याला चोर म्हणून हाकललं, तो आज आपल्या कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "कंपनी परिवाराचा आधारस्तंभ" झालाय.

वा रे परिवार!

काल हरेश गेला. इथल्याच समुद्रकाठच्या नवापूरचा, मच्छीमाराचा पोर. नव्वदच्या दशकात बोईसर एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत कम्प्युटर ऑपरेटर होता. मी शेजारच्या टेबलावर, डेटा एन्ट्रीला.

गरीब बिचारा वगैरे अजिबात नव्हता हं. तोंडाळ, भांडखोर, स्वतःवर भारी खूष.

"या खोलीत मीच साहेब हाय," असं आमच्या मॅनेजर साहेबांच्या तोंडावर सांगायचा.

कंपनीचा सगळा कारभार एका मशीनवर. ऑर्डरी, स्टॉक, पगार, सगळं. दर शनिवारी हरेश त्याचा बॅकअप फ्लॉप्यांवर काढायचा. एक सेट ऑफिसच्या कपाटात.

दुसरा गुपचूप घरी.

गेटवर झडती व्हायची. पण त्याच्या पिशवीत वर सुक्या बोंबलाचा डबा आणि खाली फ्लॉप्या. आमचा वॉचमन कट्टर शाकाहारी. पिशवी उघडली की नाक धरून ओरडायचा, "अरे हटाओ भाई, जाओ जाओ!"

मी म्हटलं, "कशाला नसती उठाठेव करतोस? पकडला गेलास तर?"

"माजा बापूस होडीत एकच नांगर कदी नेत नाय, बाय."

मग आली खंडेनवमी.

सगळ्या मशिनींची पूजा, तशी कम्प्युटरचीही. साहेब म्हणाले, फ्लॉप्या पण मांडा पूजेला.

हरेश आडवा आला. "साहेब, तेवढ्या नको. त्यांना खिडकी असते, आत कुंकू जाईल."

"देवाच्या कामात खोडा घालू नकोस!"

झालं. हळद, कुंकू, अक्षता, सगळं फ्लॉप्यांवर. मशीनही चालूच ठेवायचं, कारण चालत्या लक्ष्मीची पूजा करायची म्हणे! आणि नारळ?

एवढी मोठी फरशी पडली होती. साहेबांनी नारळ फोडला टेबलाच्या कडेवर.

पाणी थेट मशीनच्या आत. स्क्रीन काळी.

प्रसाद मात्र सगळ्यांनी खाल्ला.

दसरा झाल्यावर मुंबईहून माणूस येऊन नवी डिस्क बसवून गेला. हरेशने रिस्टोअरची, म्हणजे बॅकअप परत मशीनवर चढवायची, कमांड दिली. मशीन एकेक फ्लॉपी मागायला लागलं. पहिली गेली, दुसरी गेली. तिसरीला घरघर, आणि एरर.

पुन्हा तेच. पुन्हा तेच.

बाहेर काढली तर खिडकीत कुंकू.

साहेब खुर्ची ओढून हरेशच्या शेजारी बसले. संध्याकाळी मालक यायचे होते. "हरेश, काहीतरी कर रे बाबा. माझी नोकरी जाईल."

रे बाबा!

हरेश उठला, रिक्षा करून नवापूरला गेला आणि घरचा सेट घेऊन आला. पुन्हा कमांड. पहिली, दुसरी, तिसरी... एकही अडली नाही. मालक यायच्या आत शनिवारपर्यंतचं सगळं परत जागेवर.

खोलीभर बोंबलाचा वास सुटला होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेबांनी त्याला मिठी मारली, माझ्या डोळ्यांदेखत.

मालकांनी एकच विचारलं, "या फ्लॉप्यांना मासळीचा वास कसा?"

आणि साहेब म्हणाले, "सर, हा डेटा चोरून घरी नेत होता."

मी तिथेच बोलले, "आणि नारळ कुणी फोडला, ते पण सांगा ना!" माझी बदली स्टोअरला झाली. हरेशला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं.

पुढे कंपनीत नियम झाला, बॅकअपचा एक सेट कंपनीबाहेर ठेवायचा. साहेबांच्या बंगल्यावर. साहेबांच्या या दूरदृष्टीचं मीटिंगमध्ये केवढं कौतुक!

हरेशला मात्र एमआयडीसीत कुणी दारात उभं केलं नाही. जाईल तिथे आधी फोन पोचलेला. "डेटा चोर." शेवटपर्यंत भावाच्या होडीवर जात राहिला. कम्प्युटरला पुन्हा हात लावला नाही. मोबाईलसुद्धा बटनांचाच.

काल नवापूरला गेले होते. साहेबांनी माणसाकरवी मोठा हार पाठवलेला, वर कंपनीच्या नावाची पट्टी.

वहिनींनी, हरेशच्या बायकोने, विचारलं, "कुनाचा हाय?"

मी सांगितलं.

त्यांनी हार उचलला, माझ्या हातात दिला. "तुमी घेऊन जा, बाय. त्याच्या अंगावर नको."

येताना मी तो कंपनीच्या गेटला अडकवून आले.

साहेब, तुम्ही या ग्रुपवर आहात. वाचा.

हरेश, जा बाबा आता सुखाने. तुला श्रद्धांजली.

माझी एकटीची. कंपनीतर्फे नाही.